कणीक घन की द्रव?

प्रश्न असा: पुरणपोळीची कणीक लाटली की आक्रसते, नुसती ठेवली की पसरते, मग ती घन की द्रव? आणि मुरवायची किती वेळ?

दोन्ही. नववीत मी हेच लिहिलं होतं, म्हणून तर उत्तर द्यायला बसलोय.

आम्ही जळगावकडचे. पोळ्याला खापरावरचे मांडे. आई कणीक तिंबून तिंबून इतकी सैल करायची की ती परातीत आपसूक पसरायची. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झेलत ती मोठा करायची. मांडा स्वतःच्या वजनानेच मनगटावरून कोपराकडे उतरत जायचा. मी एकदा घाईने ओढायला गेलो, तर टर्रकन फाटला आणि पुरण चुलीत. "ओढू नको रे, उतरू दे तिला," एवढंच आई म्हणाली.

आठवड्याने चाचणी. घन, द्रव, वायू, दोन-दोन उदाहरणं द्या. मी खाली आगाऊपणे चौथी ओळ लिहिली: मांड्याची कणीक, दोन्ही. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. वर्षभर माझं नाव 'मांडा'.

तर सर, गव्हात ग्लुटेनिन नावाचं प्रथिन असतं, ते ताण धरतं. ग्लायाडिन नावाचं दुसरं असतं, ते वाहू देतं. पाण्यात मळलं की दोघांचं जाळं होतं. झटका दिला तर ते रबरासारखं मागे येतं, सावकाश ओढलं तर आतले धागे एकमेकांवरून सरकतात. पदार्थाला सैल व्हायला लागणारा वेळ भागिले आपण त्याला देतो तो वेळ, या आकड्याला शास्त्रज्ञ मार्कुस रायनर यांनी १९६४ साली 'डेबोरा अंक' असं नाव दिलं. हातोडीने काचेसारखं फुटणारं डांबरही ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या नरसाळ्यातून ठिबकतं. प्रयोग १९२७ साली मांडला, नववा थेंब २०१४ साली सुटला. म्हणजे 'घन की द्रव' हा प्रश्नच अर्धवट आहे. किती वेळात, ते आधी सांगा.

मुरवण्याचं म्हणाल तर पुरणपोळीला तेलाचा हात लावून अर्धा-पाऊण तास तरी ठेवाच, तेवढ्यात मळतानाचा ताण बराच ओसरतो. मांड्याला आई त्याहून जास्त ठेवायची. मैदा घातला असेल तर हिशेब वेगळा, उन्हाळ्यातही वेगळा. आणि खरं सांगायचं तर माझा मांडा अजूनही फाटतो, तेव्हा नेमका वेळ घरात पोळ्या करणाऱ्यालाच विचारा.