देव न मानणाऱ्याची जबाबदारी

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला असून देव मानत नाही. श्रावणात घरी कानबाई या खानदेशातल्या देवी बसल्या तेव्हा मी पूजेला बसण्यास नकार दिला. त्यावर थोरले भाऊ म्हणाले, "ज्याला देवाचे भय नाही, तो उद्या आईबापांना तरी काय विचारणार?" माझे चुकले का?

उत्तर : नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमातील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात न मानण्याचे स्वातंत्र्यही येते. मात्र तेच कलम तुमच्या आईच्या श्रद्धेलाही तितकेच संरक्षण देते. भावांची शंका खरी नाही. आंध्रातील नास्तिक समाजसुधारक गोरा (गोपराजू रामचंद्र राव) यांनी १९४० मध्ये नास्तिक केंद्र स्थापन केले आणि अस्पृश्यता मोडण्यासाठी सहभोजने घडवून आणली. माणसांविषयीच्या कळकळीला त्यांना देवाचा आधार लागला नाही. आपल्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळले जाते, तेव्हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन तिच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी, माझ्या मते, तुमच्यासारख्यांवर अधिक आहे.

घरातही हेच लागू होते. नैवेद्याच्या रोटांचे दळण आणणे, भाऊबंदांच्या पंगतीत वाढणे, नंतर भांडी आवरणे ही पूजा नव्हे. ती बहुधा बायकांच्याच अंगावर पडणारी कामे आहेत, आणि नास्तिकतेच्या नावाखाली ती टाळणे हा मला निव्वळ आळस वाटतो. आरतीला उभे राहू नका. पण आईला आधीच, शांतपणे आणि पाहुण्यांसमोर नव्हे, तसे सांगा. भावांशी आईबापांच्या औषधपाण्याची वाटणीही याच आठवड्यात बोलून घ्या.