बेलफास्टची सूडकथा लिहायला घेतलीस, तर

तुझं पहिलं प्रकरण वाचलं. हात चांगला आहे, पण नायक तिसऱ्याच पानावर पिस्तूल उचलतो, ते काही पटलं नाही. 1972 च्या बेलफास्टमध्ये सूड एकट्याचा नसायचा. एकीकडे आयआरए, म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक करू पाहणारी सशस्त्र संघटना; दुसरीकडे लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्यांच्या टोळ्या; मध्ये ब्रिटिश सैन्य. त्या एका वर्षात उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास 500 माणसं गेली. भावाला कोणी मारलं हे कळल्यावरच नायकाचा खरा पेच सुरू होतो: संघटनेला न विचारता गोळी झाडली, तर आपलीच माणसं त्याला जिवंत ठेवतील का?

सैनिक कॅथलिक वस्तीत शिरले की बायका इशारा म्हणून कचऱ्याच्या डब्यांची पत्र्याची झाकणं फुटपाथवर आपटायच्या. तो खणखणाट गल्लीगल्लीतून पुढे जायचा. नायकाला त्या आवाजाने जाग येऊ दे. बाँबस्फोटापेक्षा ते जास्त अंगावर येईल.

संवाद लिहिताना जपून. तिथल्या एकाच शहराला सहसा ‘डेरी’ म्हणणारा आयर्लंडच्या बाजूचा, ‘लंडनडेरी’ म्हणणारा ब्रिटनच्या. एका शब्दात माणूस उघडा पडतो.

आणि मागे राहिलेल्यांना विसरू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. डिसेंबर 1972 मध्ये दहा मुलांच्या आईला आयआरएने घरातून उचलून नेलं, मारलं आणि गुपचूप पुरलं. तिचे अवशेष 2003 मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर सापडले. तुझा नायक ज्याला मारणार आहे, त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल. ते दार एका प्रसंगात तरी उघड.