हृदयशस्त्रक्रियेनंतर तान्ह्या बाळाला मिलरिनोन का देतात?

हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनच्या आधारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ ते १८ तासांत बाळाच्या हृदयाचा जोर कमी होण्याचा धोका असतो. हातपाय गार पडतात, लघवी घटते, रक्तातील लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यास वाढणारा पदार्थ) वाढते. हे टाळण्यासाठी मिलरिनोन हे औषध शिरेतून सतत दिले जाते. ते फॉस्फोडायएस्टरेज-३ हे विकर (एन्झाइम) रोखते, त्यामुळे हृदयाचे आकुंचन सुधारते, दोन ठोक्यांमध्ये ते नीट सैलावते आणि रक्तवाहिन्या रुंदावल्याने रक्त पुढे ढकलण्याचे श्रमही कमी होतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रायमाकॉर्प चाचणीत २३८ मुले होती, जास्त मात्रेच्या (दर किलो वजनामागे मिनिटाला ०.७५ मायक्रोग्रॅम) गटात हा त्रास सुमारे १२ टक्के, तर औषधाविना सुमारे २६ टक्के मुलांना झाला.

मात्र रक्तदाब उतरू शकतो, आणि औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्यामुळे लघवी मंदावलेल्या नवजात बाळाच्या शरीरात ते साचत जाते, म्हणून मात्रा घटवावी लागते. दाब फारच कमी असल्यास जोडीला अल्प मात्रेत ॲड्रेनलिन देतात. डोपामाइन पूर्वी सर्रास वापरत. हृदयाची गती आणि ऑक्सिजनची गरज वाढवणारे ते औषध माझ्या मते पहिली निवड नसावे.