पीठ, पाक आणि माती : किती सैल, किती घट्ट?

पाककृतीत 'एक वाटी पाणी' लिहिलेलं असतं. ते पाणी बोअरचं की जायकवाडीच्या नळाचं, पीठ कालच्या दळणाचं की महिन्यापूर्वीचं, हे त्या मापात येत नाही. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न 'प्रमाण तेच घेतलं, तरी बिघडलं' अशाच तक्रारीचे आहेत. म्हणून उत्तरांत मापं थोडी आणि ओळखायच्या खुणा जास्त दिल्या आहेत.

ज्वारीची भाकरी थापतानाच कडेला चिरते. पाणी वाढवलं तर पीठ परातीला चिकटतं. त्याच पिठाची सासूबाईंच्या हातची भाकरी मात्र नीट होते. (परभणी)

ताई, त्याच पिठाची त्यांची भाकरी नीट होते म्हणजे पिठात खोट नाही. फरक असणार तो पाणी किती गरम आहे यात आणि मळण्यात. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, ज्वारीत ते नसतंच. ज्वारीचं पीठ धरून ठेवतो तो त्यातला स्टार्च, आणि तोही गरम पाण्यात फुगून चिकट झाला तरच. कोमट पाण्यात तो फुगत नाही. मग पीठ ओलं होतं पण एकजीव होत नाही. आपण आणखी पाणी घालतो आणि ते परातीला चिकटायला लागतं.

आधण चांगलं उकळू द्या. पिठात मधोमध आळं करून पाऊण वाटी पिठाला साधारण अर्धी वाटी उकळतं पाणी ओता, उलथण्याने कालवा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने दाब देऊन मळा. मळता मळता लागेल तसा पाण्याचा हात लावा, एकदम पाणी ओतू नका. गोळा झाला की तो तळहातावर थोडा दाबून कड बघा. कड गुळगुळीत राहिली तर थापा. बारीक भेगा दिसल्या तर अजून मळा, कारण बहुतेक वेळा तिथे पाणी नाही, मळणं कमी पडलेलं असतं. चार भाकरींचं पीठ एकदम मळून ठेवू नका. ते सुकत जातं आणि शेवटची भाकरी चिरतेच.

पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. अशा पिठाची सरळ उकड काढा : पिठाइतकंच पाणी उकळून त्यात पीठ घाला, गॅस बंद करून झाकून ठेवा आणि मग मळा. दळण मात्र बारीकच हवं. वाण बदलला तरी पाणी बदलतं. तुमच्याच गावच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती घरात आली असेल आणि आधी दुसरी ज्वारी खात असाल, तर पहिल्या दोन भाकरी पाण्याचा अंदाज घेण्यासाठीच करा.

भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून लावलेलं पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. ते सुकून पांढरं पडलं की तिथेच भेग जाते.

पुरण नेहमी सैल होतं. कधी डाळ शिजत नाही, कधी पोळी फुटून पुरण तव्यावर येतं. वरून बेसन घातलं तर चालेल का? (लातूर)

बेसन घालू नका. त्याचा कच्चा वास पोळीभर राहतो आणि पुरणाचा मऊपणा जातो.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डाळ न शिजण्याचं कारण बहुधा तुमचं बोअरचं पाणी. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात. मग शिट्ट्या कितीही द्या, डाळ कणीदारच राहते. पाणी आधी उकळून, निवळू देऊन वरचं घेतलं तर त्यातले बरेच क्षार तळाशी बसतात. पातेल्याला पांढरा थर धरतो तो त्यांचाच. डाळ भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला हेच पाणी घ्या. चिमूटभर सोडाही चालतो, पण चिमूटभरच. जास्त झाला तर चव बिघडते. गूळ मात्र डाळ बोटांत सहज चिरडल्याशिवाय घालायचा नाही. तो आधी पडला की डाळ तिथेच अडते, पुढे कितीही शिजवली तरी मऊ होत नाही.

आता सैलपणा. डाळीतलं येळवणी पूर्ण निथळलं पाहिजे. चाळणीत डाळ दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, गडबड करू नका. खाली आलेलं पाणी आमटीला लागणारच आहे. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घातलात की सुरुवातीला सगळं पातळ होईल, कारण गूळ विरघळतो. इथेच घाबरून लोक काहीबाही घालतात. पसरट कढईत मध्यम आचेवर ते परतत राहा. कढईची कड सोडायला लागलं आणि मधोमध उभा केलेला डाव पडला नाही, की उतरवा. निवल्यावर ते आणखी आळतं, म्हणून अगदी कोरडं होईपर्यंत आटवू नका. कोरडं पुरण लाटताना पोळीच्या कडेपर्यंत पसरत नाही.

वाटल्यावर सैल वाटलं तर पुन्हा कढईत घालून परता. दुसरा इलाज नाही आणि लागतही नाही. पोळी फुटते त्यात कणकेचाही हात असतो. कणीक आणि पुरण दोन्ही बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत. घट्ट कणकेत मऊ पुरण भरलं की लाटण्याखाली ते एका बाजूला सरकतं आणि तिथूनच बाहेर येतं.

येळवशीला (वेळा अमावस्येला) सकाळी केलेली आंबील शेतात नेईपर्यंत पिठल्यासारखी घट्ट झाली. गाठीही होत्या. (औसा)

पीठ गरम पाण्यात टाकलं की बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आत कोरडं पीठ अडकतं, त्याच गाठी. पीठ आधी थंड पाण्यात किंवा ताकात कालवून, मग चुलीवर ठेवून सतत हलवा. शिजताना आंबील तुम्हाला प्यायला हवी त्याहून बरीच पातळ दिसली पाहिजे, कारण ती निवताना आळतेच. उरलेलं ताक, लसूण, मीठ हे सगळं पूर्ण निवल्यावर घाला. शेतात जाताना ताकाचा एक वेगळा तांब्या न्या आणि बिंदग्यातली (मडक्यातली) आंबील तिथे बसल्यावर सारखी करून घ्या.

तिळाचे लाडू दगडासारखे होतात. (जालना)

पाक पुढे गेला. वाटीत थंड पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाका. बोटांत त्याची मऊ गोळी वळली की लाडवाचा पाक झाला. गोळी कडक होऊन टक्‌कन मोडली तर तो चिक्कीचा. या दोन्हींत फार वेळ जात नाही, म्हणून गूळ विरघळल्यापासून आच मंदच ठेवा आणि थेंब बघताना कढई खाली उतरवा. लाडवाला साधा गूळ घ्या. बाजारात चिक्कीचा म्हणून मिळणारा गूळ कडक होण्यासाठीच असतो.

कुरडया वाळल्यावर हात लावला की तुकडे पडतात. चीक तर नीट ढवळला होता. (माजलगाव)

ढवळला असेल, पण शिजला नसेल. गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवले, वाटून चीक काढला, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून दिलं, इथवर सगळ्यांचं सारखंच असतं. खाली बसलेला चीक किती दाट आहे यावर पुढचं ठरतं. डावाने उचलताना जड लागत असेल तर जेवढा चीक तेवढंच पाणी. ओघळत असेल तर पाणी पाऊणपट घ्या.

पाणी मीठ-हिंग घालून खळखळ उकळू द्या. एकीने चीक धार धरून सोडायचा आणि दुसरीने चाटूने हलवत राहायचं. हे काम दोघींचंच आहे, एकटीने करायला जाऊ नका. चीक आधी पांढरा आणि चिकट असतो. मग तो दाटतो, आणि बहुतेक जणी इथेच थांबतात. झाकण ठेवून मंद आचेवर अजून वाफा काढा, मधून मधून तळापासून हलवा. त्याला चकाकी येते, पांढरेपणा जाऊन काचेसारखा दिसतो. ओलं बोट लावलं आणि बोटाला काही चिकटलं नाही, की शिजला. गरम असतानाच सोऱ्यात भरा. थंड झालेल्या चिकाची तार तुटक पडते, आणि ती कुरडई वाळल्यावर तिथेच मोडते.

पोळ्याला मुलांनी शेतातल्या काळ्या मातीचे बैल केले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भेगा. शाडू आणावी का? (सेलू)

दादा, शाडू आणायची गरज नाही, पण काळी माती एकटी वापरू नका. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच त्या बैलांचं झालं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन खूप फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. शाडू इतकी आकसत नाही.

माती वाळवून, कुटून चाळा. तीन भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली वाळू घाला. वाळू आकसत नाही, त्यामुळे एकूण आकसणं कमी होतं. मग तंतू. कापूस तुमच्याकडे घरचाच असेल. तो पिंजून, अगदी विरळ करून मातीत मिसळा. भिजवून कुस्करलेला कागदही चालतो. कुंभार लीद घालतात ती यासाठीच. हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. अजिंठ्याची चित्रं ज्या मातीच्या गिलाव्यावर आहेत, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. माळवदाची घरं बांधणारेही भिंतीच्या मातीत भुसा तुडवायचे.

माती एक दिवस भिजवून भरपूर तुडवा. मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतील. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. वळीला चिरा गेल्या तर पाणी हवं. हाताला लेप बसला तर थोडी कोरडी माती हवी. चिरा नाहीत आणि हात जवळजवळ स्वच्छ, तर बैल करायला घ्या. पाय आणि शिंगं जोडताना दोन्हीकडे खरवडून, ताकाइतकी पातळ केलेली माती लावून दाबा. कोरड्यावर ओलं चिकटवलं की तिथे भेग ठरलेली. धड जाड ठेवू नका, आत कागदाचा बोळा भरा. पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, मग सावलीत. ऊन शेवटी.

आकाशकंदिलाला मैद्याची खळ लावली की कागद सुरकुततो. (नांदेड)

खळ पातळ आहे. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात कालवा, मग साधारण एक कप पाणी घालून मंद आचेवर शिजवा. ती पारदर्शक झाली पाहिजे. पूर्ण निवल्यावर ब्रश बुडवून उभा धरा. खळ ब्रशला धरून राहिली, थेंब गळला नाही, तर लावा. कागदाला लावू नका, कामट्यांना लावा आणि कागद वरून ठेवून मधून कडेकडे हात फिरवा. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर अजिबात घालू नका. ताजी खळ करा, दोन दिवसांत संपवा.