जी प्रोटीन (बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं प्रोटीन) पहिल्यांदा वाचतोयस? मग एवढंच धर
घाबरू नको रे, साताऱ्यात बीएस्सीच्या पोरांना मी हेच सांगतो, आधी एकच उदाहरण पक्कं कर, अॅड्रेनलिन. अजिंक्यतारा पळत चढताना छाती धडधडते ना, तिथनं सुरू कर.

- हे हॉर्मोन पेशीत शिरत नाही, बाहेरनंच रिसेप्टरला (पेशीच्या पडद्यातलं निरोप घेणारं प्रोटीन) चिकटतं, रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतलं जी प्रोटीन जागं होतं.
- सगळ्यात जास्त चुका इथं होतात: झोपलेल्या जी प्रोटीनला जीडीपी हा छोटा रेणू चिकटलेला असतो, पण जागं होताना त्या जीडीपीलाच फॉस्फेट जोडून जीटीपी (एक फॉस्फेट जास्त असलेला रेणू) होत नाही! जीडीपी सुटतो, त्याच्या जागी पेशीतला तयार जीटीपी येऊन बसतो, मग जी प्रोटीनचा अल्फा नावाचा भाग वेगळा होऊन अॅडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालू करतो आणि ते एटीपीपासून सायक्लिक एएमपी (आत निरोप पुढं नेणारा छोटा रेणू) बनवतं.
- बंद कसं होतं तेपण बघ, अल्फा स्वतःच जीटीपी तोडून त्याचा परत जीडीपी करतो.

जीआय, जीक्यू हे जी प्रोटीनचे बाकीचे प्रकार आत्ता नको. चित्र हातानं काढ, पुस्तक मिटून.