निवृत्तीआधी पुण्यात यायचे तर कोणत्या भागात घर घ्यावे?

आपला प्रश्न असा आहे : आपण डोंबिवलीत राहता, आपली निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे, पती आधीच निवृत्त झाले आहेत, मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे, आणि डोंबिवलीचे घर विकून पुण्यात यायचे झाल्यास कोथरूड, सिंहगड रस्ता आणि बाणेर यांपैकी कोणता भाग निवडावा? मी स्वतः नोकरीत असतानाच बदली मागून ठाण्याहून पुण्यात आलो आणि तेव्हापासून कोथरूडला राहतो. त्यामुळे माझे माप त्या बाजूला थोडे झुकणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

भागाचे नाव नंतर ठरवा, आधी पायी अंतर ठरवा, असे मी सुचवीन. साठाव्या वर्षी स्कूटर चालवता येते, म्हणून भाजी दोन किलोमीटरवर असली तरी काही बिघडत नाही. पण ज्या वयात रात्रीचे दिवे डोळ्यांवर येतात, गुडघे कुरकुर करतात आणि मुले गाडीची किल्ली हळूच काढून ठेवतात, त्या वयात किराणा, औषधांचे दुकान, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, बँक, नेहमीचा डॉक्टर आणि बसचा थांबा हे सारे दहा-बारा मिनिटांच्या चालीत असणे ही चैन राहत नाही, ती गरज होते. आपण घर पाहणार आहात आजच्या तब्येतीने आणि त्यात राहणार आहात पुढची वीस-पंचवीस वर्षे, एवढे डोळ्यांपुढे ठेवले की एजंटच्या बोलण्यातला निम्मा भाग आपोआप गळून पडतो.

या कसोटीवर कोथरूडमधील डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी यांसारख्या जुन्या वसाहती उजव्या ठरतात, कारण त्या मोटारींची गर्दी होण्यापूर्वी वसल्या आणि लागेल ते सारे त्यांच्या गल्ल्यांतच वाढत गेले. मात्र याच भागात कर्वे रस्ता आणि पौड रस्ता आहेत, आणि घर त्यांच्या कोणत्या बाजूला आहे यावर बरेच काही अवलंबून असते. संध्याकाळी सहाच्या सुमारास कर्वे पुतळ्यापाशी उभे राहून पाहा. वयस्क माणूस निम्म्या रस्त्यापर्यंत पोहोचतो तोवर सिग्नल बदललेला असतो, डावीकडून वळणाऱ्या दुचाकी थांबत नाहीत, आणि फूटपाथवर चढावे तर तिथे कोणाची तरी स्कूटर लावलेली असते. म्हणून आपला डॉक्टर, औषधांचे दुकान आणि भाजी घराच्याच बाजूला आहेत ना, हे नकाशावर पाहू नका, तिथे चालून पाहा. घराच्या क्षेत्रफळात चाळीस-पन्नास चौरस फूट कमी मिळाले तरी चालतील, पण रोज मोठा रस्ता ओलांडावा लागेल असे घर मी या वयात घेणार नाही.

बाणेरची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या इमारती नव्या आहेत, लिफ्ट प्रशस्त, जनरेटर, आवारात बाग आणि चालण्यासाठी मार्ग, शिवाय मुलीचे ऑफिस जवळ. अडचण फाटकाबाहेर पडल्यावर सुरू होते : अनेक सोसायट्या मुख्य रस्त्यापासून इतक्या आत आहेत की कोथिंबिरीच्या जुडीसाठीही वाहन काढावे लागते किंवा मोबाइलवरून मागवावी लागते. मुलीच्या सोयीबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आयटीतल्या नोकरीचा पत्ता कायमचा नसतो. आज हिंजवडी, उद्या खराडी, परवा बंगळूर किंवा थेट परदेश. मुलांजवळ राहायचे म्हणून वाकड-हिंजवडीकडे घर घेतलेले आणि आता मुलांना व्हिडिओ कॉलवर भेटणारे आई-वडील माझ्या परिचयात आहेत. मुलीने स्वतःचे घर घेतले असेल आणि ती तिथेच राहणार असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्या ऑफिसवरून मात्र आपले घर ठरवू नका.

सिंहगड रस्त्याचा विचार करताना पाण्याचे दोन्ही प्रश्न पाहावे लागतात, जास्तीचे पाणी आणि वाईट पाणी. 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर एकतानगरीच्या परिसरात सोसायट्यांचे तळमजले पाण्यात गेले. जानेवारी 2025 मध्ये गिया-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले ते याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला, आणि संशयाचा रोख दूषित पाण्याकडे होता. म्हणून अख्खा सिंहगड रस्ता बाद करावा, असे मी म्हणणार नाही. उंचावरच्या अनेक सोसायट्यांना पुराची झळ लागलेली नाही. पण नदीलगत घर पाहत असाल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा तपासल्याशिवाय इसार देऊ नका. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी दूर आहे म्हणूनही निर्धास्त राहण्याचे कारण नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर भागांत जी हानी झाली ती आंबिल ओढ्यामुळे. एरवी त्या ओढ्याकडे कोणी पाहतही नव्हते.

रोजच्या पाण्याचेही आधीच विचारून घ्या. पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे आली. हद्द वाढली, पण नळाचे पाणी त्या वेगाने पोहोचले नाही. अशा भागांत उन्हाळ्यात टँकरवर सोसायट्या चालतात. 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही' हे वाक्य प्रत्येक घरमालक म्हणतो, त्यामुळे त्याला विचारण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या सचिवांकडे मागच्या वार्षिक सभेत मांडलेला हिशेब मागा. टँकरवरचा खर्च त्यात बहुधा वेगळा दाखवलेला असतो. ते शक्य नसेल तर वॉचमनशी पाच मिनिटे बोला, त्याला टँकरच्या वेळाही पाठ असतात.

आता इमारतीबद्दल, आणि येथे जुन्या कोथरूडची बाजू लंगडी पडते. चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नव्हती. काहींनी ती नंतर बाहेरून बसवली, पण जिना आधीच बांधलेला असल्याने ती दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते आणि तिथून आठ-नऊ पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतात. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' एवढेच लिहिलेले असते. चाकाची खुर्ची किंवा स्ट्रेचर लागण्याची वेळ आली की त्या आठ पायऱ्यांचा अर्थ कळतो. तेव्हा घर पाहायला जाल तेव्हा पिशवी हातात घेऊन लिफ्टने जा आणि शेवटची पायरी कुठे संपते ते पाहा.

जुन्या सोसायटीत दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. आपण आज घर घेतले आणि सहा-सात वर्षांनी सोसायटीने बिल्डर नेमला, तर ऐन सत्तरीच्या तोंडावर सामान बांधून भाड्याच्या घरात जावे लागेल, आणि काम रखडले तर तिथला मुक्काम किती लांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून जमिनीचे अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स होऊन ती सोसायटीच्या नावावर झाली आहे का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, सभासदांत तट आहेत का, हे घराच्या किमतीइतक्याच बारकाईने विचारावे. माझ्या मते पुनर्विकास पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेली इमारत आपल्यासाठी सर्वांत योग्य, कारण परिसर जुना मिळतो आणि लिफ्ट नवी. किंमत अर्थातच चढी असते, आणि पार्किंग यांत्रिक असेल तर ते चालवायला शिकावे लागते. पतींना गाडी सोडवणार नसेल तर आधी त्यांना ते यंत्र दाखवा.

मेट्रोच्या नावावर घरे विकली जातात, तेव्हा जी गाडी आज धावते तेवढीच धरा. पुणे मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झाले, कोथरूडमधील वनाज ते गरवारे महाविद्यालय हा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि स्वारगेटपर्यंत गाडी पोहोचायला सप्टेंबर 2024 उजाडला. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्तारांना केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली आहे, म्हणून बावधन आणि वाघोलीचे एजंट आता मेट्रोचा उल्लेख पहिल्याच वाक्यात करतात. पण मंजुरीवर बसून प्रवास होत नाही. आपले नातेवाईक डोंबिवलीला राहणार, त्या दृष्टीने वनाजचा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे : जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलली की पुढचेच स्थानक शिवाजीनगर, आणि तिथून कल्याणला थांबणारी सिंहगड किंवा इंद्रायणी एक्सप्रेस पकडता येते.

रुग्णालयाबाबत फार लिहीत नाही. एरंडवण्यातील दीनानाथ मंगेशकर किंवा कर्वे रस्त्यावरील सह्याद्री ही कोथरूडकरांना जवळची मोठी नावे. पण अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, संध्याकाळच्या गर्दीत रिक्षाने जाऊन मिनिटांत मोजा.

निवृत्तीच्या आधी येण्याचा आपला विचार मला योग्य वाटतो, आणि त्याचे कारण माणसे. टेकडीवर, ज्येष्ठ नागरिक संघात, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या रांगेत ओळखी होतात, पण सावकाश होतात. स्त्रिया भिशीतून, भजनी मंडळातून लवकर रुळतात. पुरुष बराच काळ बाकावर एकटेच पेपर वाचत बसलेले दिसतात. पती मोकळे आहेत, तर त्यांनीच आधी यावे.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह 7 टक्के आहे, घर केवळ आपल्या, म्हणजे स्त्रीच्या, नावावर घेतल्यास 6 टक्के. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्या घरावर एरवी 5 टक्के लागतो. डोंबिवलीचे घर विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्यावरील सवलतीसाठी नवे घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घेतलेले असावे लागते, त्यामुळे घाईने दोन्ही व्यवहार एकाच महिन्यात उरकण्याची गरज नाही. कर्ज लागणार असेल तर ते आपण नोकरीत असतानाच घ्या, निवृत्तीनंतर बँकांचा सूर बदलतो.

म्हणून माझा सल्ला असा : डोंबिवलीचे घर तूर्त विकू नका. पौड फाटा ते वनाज या पट्ट्यात, मोठ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत, अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घ्या. करार नोंदवूनच करा, तोंडी व्यवहार नको. पतींनी तिथे राहावे, आपण शनिवार-रविवार यावे. करार जूनपासून सुरू केला तर पावसाळ्यात कोणत्या चौकात पाणी साठते ते आधी कळेल आणि घर सोडण्यापूर्वी मार्च-एप्रिलचे टँकरही दिसतील. बाणेरबद्दल मन डळमळत असेल, तर मुलीच्या ओळखीच्या एखाद्या घरी आठवडाभर राहून, गाडी न काढता तो आठवडा कसा जातो ते पाहा.