आजींची तेलुगू बंद करून नीटचे गुण वाढत नाहीत

प्रश्न : सर, आम्ही सोलापूरचे. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मुलीला नीटमध्ये 412 गुण पडले. तीन भाषांमुळे तिचा गोंधळ होतो असं वाटून चार महिन्यांपासून घरात फक्त इंग्रजी बोलतो, आजीलाही तशी ताकीद दिली आहे. आता तिला दुसरा प्रयत्न नको, 'दोन भाषा बोलणाऱ्यांचा मेंदू' असलं काहीतरी शिकायचं आहे. तिला समजवा. – एक वडील

उत्तर : गुणांचं नंतर बघू. मी अडकलो ते आजींपाशी. चार महिने त्या नातीशी काय बोलत असतील? 'ईट', 'स्लीप', 'स्टडी'? परीक्षेच्या वर्षात जिच्याजवळ कुरकुर करावी असं घरात एक माणूस होतं, त्याचंही तोंड तुम्ही बंद केलंत.

एक भाषा बाहेर काढली की दुसरीला जागा होते, असं तुम्ही धरून चाललात. मेंदूत असे कप्पे नाहीत, हे थेट ऑपरेशन टेबलावर दिसलेलं आहे. अपस्माराच्या किंवा गाठीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. एका ठिकाणी सौम्य वीजप्रवाह द्यायचा आणि चित्र दाखवायचं : छत्री. शब्द अडला, की तिथं आकडा लिहिलेला इवलासा कागद ठेवायचा. ती जागा शक्यतो न कापता राखायची. 1978 साली मेंदूचे सर्जन जॉर्ज ओजेमान आणि भाषा-मेंदूचे अभ्यासक हॅरी व्हिटेकर यांनी दोन द्विभाषिक रुग्णांची अशी तपासणी दोन्ही भाषांत केल्याचं प्रसिद्ध केलं. काही जागी दोन्ही भाषा अडल्या, काही जागी एकच. म्हणजे आजींचा 'गोडुगु' आणि शाळेतली 'छत्री' कुठं एकाच खोलीत, कुठं शेजारी. एकीला हाकलून दुसरीची खोली मोठी होत नाही.

आणि ओझ्याचं म्हणाल तर हैदराबादेत मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या (2013). एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतही. त्यावरून भाषा हे औषध ठरत नाही. पण तिला ओझं म्हणणं सोडा.

एमबीबीएस करून न्यूरोसर्जरीला जाता येतं. वाट लांब आहे आणि नीट पुन्हा द्यायची का, हे तिनं ठरवायचं. मी मात्र तिला वाचा-भाषा तज्ज्ञाचं काम दाखवीन. शस्त्रक्रियेआधी भाषा तपासणं, काही ठिकाणी टेबलाशी बसून चित्रं दाखवणं हेही त्यात येतं. त्याची पदवी बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा दोषांचा अभ्यासक्रम, इंटर्नशिप धरून चार वर्षांचा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, मुंबईत अली यावर जंग संस्था. संशोधनच करायचं ठरलं, तर पदवीनंतर आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्सची, म्हणजे मन आणि मेंदू कसं काम करतात याच्या अभ्यासाची, एमएस्सी आहे. पगार सर्जनचा नसतो, हेही सांगून ठेवतो. पण सोलापूरचा एखादा तेलुगू-मराठी बोलणारा पद्मशाली विणकर टेबलावर असेल, तेव्हा दोन्ही भाषांतली त्याची अडखळ ओळखणारं कुणीतरी समोर लागेल. तुमच्या मुलीकडे ते आयतं आहे आणि तुम्ही तेच पुसायला निघालात.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. 'असलं काहीतरी' म्हणजे नेमकं काय, ते मला तिच्याकडून हवंय. तेलुगूत लिहिलं तरी चालेल, वाचून दाखवणारे शेजारी आहेत माझ्याकडे.